भुरीच्या अंगावर माशी बसू देणार नाही

दर्शना तांबे एसटीत कंडक्टर होती. श्रावण संपत आलेला, पाऊस मधूनच येऊन जाणारा आणि तो थांबला की लगेच ऊन चटकणारं. संगमेश्वरची फेरी संपवून, हिशोब डेपोत देऊन ती नाचणे रस्त्यावरच्या आपल्या तळमजल्याच्या घरी आली तेव्हा दुपार कलली होती. चपलांचा आवाज ऐकला की भुरी पिंजऱ्याचं दार दातांनी वाजवायची. त्या दिवशी दार वाजलं नाही.

भुरी म्हणजे तिची ससी. कुणीतरी बसच्या मागच्या बाकाखाली खोक्यात ठेवून गेलं होतं. चौकशी खिडकीवर कुणी विचारायला आलं नाही, म्हणून दर्शना तिला घरी घेऊन आली. त्याला आता दोन पावसाळे झाले होते.

पिंजरा मागच्या पडवीत असायचा. भुरी कोपऱ्यात पाठ करून, अंगाचा गोळा करून बसली होती. सकाळी घातलेलं गवत तसंच पडलेलं. जवळ गेल्यावर दर्शनाला वास आला. उष्ट्या भांड्यांसारखा आंबूस, आणि त्यात अजून काहीतरी. तिने भुरीला उचललं. शेपटीकडचे केस ओले, चिकट झाले होते. तिने ते बाजूला केले आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

मांडीच्या वर जखम होती, आणि जखम हलत होती.

बसमध्ये ओकलेलं पुसण्यापासून दारुड्याला खाली उतरवण्यापर्यंत सगळं केलेली बाई ती. पण ती तिथेच पडवीत खाली बसली.

"आई! आई, बाहेर या!"

सासू सीताबाई आतून आल्या. त्यांनी वाकून बघितलं.

"अळ्या पडल्या गो," त्या म्हणाल्या. "सकाळी मी बघितलं तेव्हा नुसती गप बसली होती. मला वाटलं, उकडतंय तिला." त्या लगबगीने आत गेल्या आणि फिनेलची बाटली घेऊन आल्या. "धर तिला. ओतते. आमच्या बैलाच्या खांद्याला अळ्या पडल्या की हेच ओतायचे."

दर्शनाने बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली.

"बैलाचं कातडं आणि हिचं कातडं एक आहे का, आई? ही मरेल."

"तशीबी मरायचीच ती. आता काय राहिलंय तिच्यात?"

"मग मरेपर्यंत तरी फिनेल नको."

तिने महेंद्रला फोन लावला. नवरा मुंबईला लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, महिन्या-दोन महिन्यांतून घरी यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"दर्शना, तू आत्ताच ड्यूटीवरून आलीस. जेव, झोप. तिला मागे झाडीत ठेवून ये. ससाच आहे तो."

"झाडीत काय होईल तिचं?"

"जे व्हायचं ते होईल. आणि आधीच लोक बोलतात. त्यात आणि तू दवाखान्यात घेऊन धावलीस तर..."

"काय बोलतात लोक?"

"जाऊ दे ते," तो यंत्रांच्या आवाजातून म्हणाला.

"सांगा ना. काय बोलतात?"

"हेच की... मूलबाळ नाही, म्हणून सशाचे लाड चाललेत."

"मग तुम्ही काय सांगता त्यांना?"

"मी काय सांगणार," महेंद्र म्हणाला. दर्शनाने फोन बंद केला, वेताच्या टोपलीत जुना टॉवेल अंथरला, त्यात भुरीला ठेवलं आणि माश्या बसू नयेत म्हणून वरून पातळ ओढणी बांधली. ती रिक्षा बघायला निघाली तेव्हा सीताबाई पदर सावरत मागे आल्या.

"तुम्ही कशाला येताय?"

"तुला एकटीला धरता यायची नाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

माळनाक्याच्या बाजूला डॉक्टर मनाली पवारांचा जनावरांचा दवाखाना होता. बाहेर कुत्री भुंकत होती. डॉक्टर वयाने दर्शनापेक्षा लहान. त्यांनी टोपली आतल्या खोलीत घेतली, दार लावलं, दिवा खाली ओढला आणि बराच वेळ जखम तपासली.

"मी ससे फार बघितलेले नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "खोटं सांगत नाही. कुत्र्यांना गोचीड-पिसवांसाठी लावतात, त्यातली काही औषधं सशाला विषासारखी असतात. त्यामुळे मी आधी माझ्या सरांना विचारते."

त्यांनी मुंबईच्या आपल्या सरांना फोन लावला आणि दर्शनाच्या समोरच सगळं विचारून घेतलं. मग फोन ठेवून म्हणाल्या, "दोन रस्ते आहेत. एक, इंजेक्शन देऊन तिला शांतपणे झोपवायचं. त्यात पाप नाही, मी तसं मानत नाही. दुसरा, साफ करायचं आणि झगडायचं. पण ते झगडणं इथे संपत नाही. घरी तुम्हालाच करावं लागेल."

"हिला दुखतंय?"

"दुखतंय. खूप. पण त्यावर औषध देता येईल."

"वाचली तर धड राहील? का नुसती जगायची म्हणून जगेल?"

डॉक्टरांनी भुरीचे मागचे पाय हळूच दाबून बघितले. भुरीने एक पाय ओढून घेतला.

"पायात ताकद आहे. अळ्या कातड्याखाली गेल्यात, पण पोटापर्यंत नाहीत. वाचली तर धड राहील."

"मग झोपवायचं नाव काढू नका. सुरू करा."

"दर्शना..." सीताबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"आई, धरा तिला."

सीताबाईंनी भुरीला टॉवेलात गुंडाळून डोकं आपल्या कुशीत घेतलं. डॉक्टरांनी आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, ते लागू पडेपर्यंत थांबल्या आणि मग बारीक मशिनने केस कापायला घेतले. सशाचं कातडं कागदासारखं असतं, कात्री लावली तर केसांबरोबर तेही कापलं जातं, असं त्या सांगत होत्या. मशिन जिथून जिथून गेलं तिथे केसांच्या मुळाशी तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी दिसली. मग कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुतली. दर्शनाने एका हाताने दिवा धरला, दुसऱ्या हातात चिमटा घेतला. एकेक अळी धरायची, ओढायची, वाटीत टाकायची. एक खाली पडली तर तिने चपलेने चिरडली.

"चिमट्यात धरलेली तुटू देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "अर्धी आत राहिली तर आतच सडते."

"तोडत नाही," दर्शना म्हणाली. "अख्खीच काढते."

जखम लाल, स्वच्छ झाल्यावर डॉक्टरांनी आत लपलेल्या अळ्या मराव्यात म्हणून वजन करून, मोजून एक इंजेक्शन दिलं. मग टॉवेलने टिपून मंद वाऱ्यावर सगळं अंग सुकवलं. अख्ख्या सशाला पाण्यात बुडवायचं नाही, तो गारठून धक्क्यानेच जातो, असंही त्यांनी बजावलं.

"पण ही जखम झाली कशाने?" दर्शनाने विचारलं.

"बहुतेक पिंजऱ्याची तार. बारीकच लागली असेल. पण माशीला तेवढं पुरतं, आणि इथे तर वासही होता." डॉक्टरांनी शेपटीखाली चिकटलेला लगदा दाखवला. "ही जाडी झालीय. तिला वळून स्वतःला साफ करता येत नाही. पातळ शी चिकटून राहते, माशी तिथे अंडी घालते, आणि या हवेत ती दिवसाच्या आत फुटतात. खायला काय घालता हिला?"

"गवत. गाजर. कधी चपाती."

सीताबाई टॉवेलाकडे बघत म्हणाल्या, "बिस्किटं. मी देते. चहात बुडवून."

दर्शनाने त्यांच्याकडे बघितलं.

"आवडतात तिला," सीताबाई म्हणाल्या.

"आवडणारच," डॉक्टर न हसता म्हणाल्या. "पण बंद. चपाती बंद, बिस्किट बंद, गाजर सणासुदीला. बाकी गवत आणि पाणी. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ उचलून मागची बाजू बघायची. ओलं दिसलं की पुसून कोरडं करायचं. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिने खाल्लं पाहिजे. सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो. नाही खाल्लं तर भरवा."

परतताना दर्शनाने रिक्षा बाजाराकडे वळवायला सांगितली. पिंजरा आता घरात, पुढच्या खोलीत ठेवायचा होता, पण खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. एका दुकानात तान्ह्या बाळावर उघडून ठेवायची छत्रीसारखी मच्छरदाणी टांगलेली होती. तिने ती काढायला सांगितली. दुकानात त्यांच्याच इमारतीतली ज्ञानेश्वरी झबली बघत उभी होती. तिचा चेहरा एकदम उजळला.

"अय्या, दर्शनाताई! कुणाचं गो बाळ?"

"सशाचं," दर्शना म्हणाली. "जखम झालीय. माश्या बसू नयेत म्हणून."

दुकानदार मच्छरदाणीची घडी घालता घालता थांबला. ज्ञानेश्वरी आधी हसली, मग हसू आवरून झबल्यांकडे वळली.

"थांबू नका, बांधून द्या," दर्शना दुकानदाराला म्हणाली. "फक्त ही गुलाबी नको. ती निळी द्या."

दुसऱ्या दिवशी तिने डेपोत रजा मागितली. कंट्रोलर दीपक सावंत चांगला माणूस, पण त्यालाही हसू आलं.

"कोण आजारी आहे म्हणालीस?"

"घरातलं."

"ससा ना? कळलं मला."

"घरातलं आजारी आहे, साहेब. माझी रजा शिल्लक आहे. मी मागतेय ती हक्काची."

दीपकने मान हलवली आणि रजा दिली.

मग खरं झगडणं सुरू झालं. भुरी खाईना. गवत नाकाशी धरलं तरी तोंड फिरवायची. दर्शनाने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कोवळं गवत, कोथिंबिरीच्या काड्या पाण्यात अगदी बारीक वाटल्या, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरल्या आणि ओठाच्या कडेने थोडं थोडं सोडलं. अर्धं हनुवटीवरून ओघळायचं. मग ते पुसायचं, कोरडं करायचं, कारण ओलं राहिलं की परत माशी. जखम मिठाच्या पाण्याने धुवायची, टिपायची, मलम लावायचं, उघडी ठेवायची. पहिल्याच धुण्यात आणखी काही अळ्या वर आल्या. दर्शनाने दात-ओठ खात त्या काढल्या आणि म्हणाली, "या. या सगळ्या बाहेर. मला घाई नाही."

सीताबाई दोन वेळा भुरीला धरून बसायच्या. तिसऱ्या वेळेला विळा घेऊन मागच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याशी जायच्या आणि स्वच्छ, दवाने न भिजलेलं गवत निवडून आणायच्या. पिंजऱ्याच्या वर आलेल्या सगळ्या तारा त्यांनी पक्कडीने आत वळवल्या. बिस्किटांचा विषय त्यांनी काढला नाही, दर्शनानेही नाही.

भुरीचं पोट मात्र हलत नव्हतं. पिंजऱ्यात अंथरलेला कागद सकाळी जसा घालावा तसा संध्याकाळी कोरा निघायचा. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, भरवणं थांबवू नका, पोट चोळा, चालवा. दर्शना तिला चटईवर सोडायची आणि मागे बसून हळूहळू पुढे सरकवायची. भुरी एक पाऊल टाकायची आणि बसायची.

"तू दमलीस गो," सीताबाई म्हणाल्या. "आता तिलाच ठरवू दे."

"तिने ठरवलंय, आई. तिने त्या दिवशी डॉक्टरांच्या हातातून पाय ओढून घेतला. मी बघितलं."

शुक्रवारी सकाळी दर्शना आंघोळीला गेली होती. बाहेरून सीताबाईंची हाक आली, अशी की तिला वाटलं सगळं संपलं. ती ओल्या केसांनीच बाहेर धावली. सीताबाई जमिनीवर बसून कागदाकडे बोट दाखवत होत्या. कागदावर वाटाण्याएवढ्या लेंड्या पडल्या होत्या. चार-पाचच, लहान, कोरड्या. आणि मच्छरदाणीत भुरी गवताची एक काडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आत ओढत होती.

दर्शना हसली आणि मग तिला रडू फुटलं. सीताबाईंनी पदराने तिचे केस पुसले.

त्या रविवारी भिकाजी नानांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. भिकाजी साळवी इमारतीचे अध्यक्ष, वरच्या मजल्यावर राहायचे. पाणी, पायऱ्या, मोटार, सगळं तेच बघायचे, आणि सगळ्यांनी त्यांचं ऐकावं अशी त्यांची सवय झाली होती.

"विषय एकच आहे," ते म्हणाले. "इमारतीत माश्या फार झाल्यात. तांबेबाईंच्या सशाला अळ्या पडल्यात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अळ्यांच्या माश्या होतात. तेव्हा ससा हलवायचा. आठवड्याच्या आत."

"अळ्या सगळ्या काढल्यात, नाना," दर्शना म्हणाली. "जखम भरत आलीय. या, बघा."

"मला बघायचं नाही. बाई, ही मुलाबाळांची घरं आहेत. तुम्हाला त्यातलं नाही कळायचं."

ज्ञानेश्वरीने मान खाली घातली. बसमध्ये असं कुणी बोललं असतं तर तिने घंटा मारून त्याला खाली उतरवलं असतं. इथे ती एक पाऊल पुढे आली.

"मुलाचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. मागे मागे बोलण्यापेक्षा तोंडावर बरं. ऐका सगळे. मूल नाही म्हणून मी ससा पाळला नाही. मला ससा आवडतो म्हणून पाळला. मला चार मुलं असती तरी पाळला असता. आणि त्याला जखम झाली असती तर तेव्हाही अशीच त्याच्यापाशी बसले असते. यात कुणी माझी कीव करायची नाही, आणि हसायचंही नाही."

"विषय माश्यांचा आहे," भिकाजी नाना म्हणाले.

"चला मग, माश्या दाखवते."

ती वळली आणि इमारतीच्या मागे चालायला लागली. लोक एकमेकांकडे बघत मागे गेले. गडग्याच्या पलीकडे, नेमक्या वरच्या खिडक्यांच्या खाली, फुटलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पडल्या होत्या. बांगडा माशांची डोकी, कोळंबीची सालं, खवले, पावसाने भिजून काळं झालेलं सगळं. दर्शनाने काठीने एक पिशवी हलवली तशा हिरव्या माश्या एकदम उठल्या. ज्ञानेश्वरीने नाकाला पदर लावला.

"इथे जन्मतात त्या," दर्शना म्हणाली. "इथून माझ्या पडवीत आल्या आणि जिवंत जनावर खायला बसल्या. सशाने माशी आणली नाही. आपण आणली. घंटागाडी रोज दारात येते, पण तिथपर्यंत खाली उतरायचा कंटाळा."

"हे बाहेरचे लोक टाकतात," भिकाजी नाना म्हणाले.

"भिकाजी," सीताबाई म्हणाल्या. त्या मागे राहिल्या होत्या, हातात विळा आणि गवताची पेंढी. भिकाजींना इमारतीत नुसतं नावाने हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं. "मी आठवडाभर इथे गवत कापते. कुणाची पिशवी कुठल्या खिडकीतून पडते, ती मी बघते. एक तर माझ्या पाठीवरच पडली होती, सुरमईचं डोकं होतं त्यात. सांगू खिडकी?"

भिकाजी नानांनी वर आपल्या खिडकीकडे बघितलं. बाकीच्यांनीही आपापल्या खिडक्यांकडे बघितलं. मग कुणीतरी खोकलं, आणि एकाने म्हटलं, "आधी हे उचलायला पाहिजे." हातमोजे आणायला कुणीतरी वर गेलं.

"तरी सशाचा प्रश्न राहतोच," नाना म्हणाले.

"ससाच राहतो," दर्शना म्हणाली. "प्रश्न नाही राहत."

त्या संध्याकाळपर्यंत गडग्यामागची जागा साफ झाली. भिकाजी नाना त्यानंतर जिन्यात समोर आले की मोबाईलमध्ये बघायचे. दर्शनाला त्याचं काही वाटलं नाही. ज्ञानेश्वरी एकदा कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात आली. "त्या दिवशी मी हसले," एवढंच म्हणाली आणि आत न येता उभी राहिली. दर्शनाने तिला आत घेतलं, भुरी दाखवली. जखमेवर नवं गुलाबी कातडं आलं होतं, भोवती राखाडी लव फुटली होती.

महेंद्र आला तो भाद्रपदात, दिवस बुडायच्या वेळी. बॅग खाली ठेवायच्या आधीच दर्शना म्हणाली, "हात धुवा. साबणाने. आणि इथे बसा."

तो हात धुऊन आला, बसला. तिने भुरीला टॉवेलात गुंडाळून त्याच्या मांडीवर दिली.

"छातीखाली एक हात. मागे एक. घट्ट नाही, पण सोडायचं नाही. लाथ मारली तर कणा मोडतो त्यांचा."

त्याने धरलं. तिने शेपूट वर करून बघितलं, केस उलटे फिरवून बघितले, पुसून कोरडं केलं.

"मी चुकलो," महेंद्र हळूच म्हणाला. "तेव्हा फोनवर."

"मला ते नको. मला एवढंच सांगा, पुढे कुणी मुंबईत तसं बोललं तर तुम्ही गप्प बसणार की बोलणार?"

त्याने भुरीच्या कानांवरून बोट फिरवलं.

"बोलेन."

"काय बोलाल?"

सीताबाई गॅसजवळूनच ओरडल्या, "सांग म्हणावं, त्यांनी आपापलं घर बघावं!"

महेंद्र हसला. दर्शना हसली नाही, ती वाट बघत होती.

"सांगेन," तो म्हणाला, "की माझ्या बायकोने एक जीव वाचवला. तुम्ही काय केलंत?"

"चालेल," दर्शना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला पहाटेची गाडी होती. गणवेश चढवून ती निघाली तेव्हा महेंद्र अंगात बनियन, डोळ्यांत झोप, असा पिंजऱ्यापाशी बसला होता. त्याने भुरीला स्वतःहून उचललं होतं आणि दिव्याकडे वळवून, मान वाकडी करून तो मागची बाजू बघत होता.

"थोडं ओलं वाटतंय," तो म्हणाला. "पुसू का?"

"पुसा, आणि सुकेपर्यंत सोडू नका," दर्शना म्हणाली, आणि चपला घालून डेपोकडे निघाली.